पुया म्हणाले पाखरू

एका राज्यात धन पुरून ठेवायची रीत होती. तशी ती सगळीकडेच असते म्हणा, पण या राज्यात जरा अतीच होती. चुलीखाली हंडा, गोठ्याखाली हंडा, देव्हाऱ्याखाली हंडा. लेक सासरी निघाली की आई तिच्या कानात सांगे, "पोरी, अंगावर थोडं घाल आणि जमिनीत जास्त घाल." कुठेही पाय आपटा, खालून ठण्ण आवाज येणारच. वर माणसे नांदत, खाली सोने नांदे.

त्या राज्याचा राजा होता दृढसेन. तरुण, शूर, मनाचा निर्मळ आणि भारी उतावळा. आईवडील लवकर गेले. मागे एक थोरली बहीण, तारावळी. राजा तिला अक्का म्हणे. तारावळीचे लग्न थाटात झाले होते, पण मूल झाले नाही म्हणून सासरच्यांनी तिला पालखीत बसवून माहेरी परत पाठवले. पालखी तीच, भोई तेच, फक्त वाजंत्री नव्हती. दृढसेन वेशीपर्यंत अनवाणी धावत गेला आणि म्हणाला, "अक्का, आता तू कुठं जायचं नाहीस." त्या एका वाक्याच्या आधारावर ती उभी होती. वाड्यातल्या बायका मात्र बारशाचे आमंत्रण तिच्या दारावरून पुढे नेत.

आता ऐका, राजावर आफत कशी आली. धूम्रनाथ नावाचा एक मांत्रिक दृढसेनाच्या वडिलांकडे दगडाची डबी ठेवून गेला होता. जाताना बजावून गेला, "ही उजेडात ठेवा. जमिनीखाली ठेवू नका." थोरला राजा होता तोवर डबी गच्चीवर राहिली. दृढसेन गादीवर आला, त्याने डबी पाहिली आणि त्याचा जीव वरखाली झाला. परक्याची ठेव, आणि अशी उघड्यावर? त्याने ती स्वतःच्या हातांनी चौकात खोल पुरली आणि वर फरशी बसवली. हेतू वाईट नव्हता हो. पण चांगल्या हेतूने केलेला घोटाळा निस्तरायला दुप्पट कष्ट पडतात.

धूम्रनाथ परत आला. फरशी उचलली, डबी काढली, उघडली. आत काळा चिखल.

"यात बी होतं," धूम्रनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त भयंकर वाटला. "ज्याला उजेड हवा होता, त्याला तू पुरलंस. आता तूही पुरला जाशील, राजा."

हे शब्द उच्चारले गेले आणि भर चौकात राजाचे पाय घोट्यापर्यंत दगडी फरशीत गेले. लोण्यात बोट जावे तसे गेले.

तारावळी धावत आली. तिने ना आकांत केला, ना मांत्रिकाचे पाय धरले. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, शाप आहे तिथं उःशाप आहे. तो सांगा."

"तीन कामं आहेत," धूम्रनाथ म्हणाला. "मावळतीकडे, सात समुद्रांपलीकडच्या डोंगरांतून ते बी पुन्हा आणायचं. ते या चौकात रुजवायचं. आणि त्याला फूल आलं, की त्याच डोंगरातल्या पाखरानं आपल्या मर्जीनं त्यातला मध प्यायचा. मर्जीनं, लक्षात ठेव. त्या क्षणी राजा सुटेल. त्याआधी तो नाकापर्यंत बुडाला, तर माझाही इलाज नाही."

जाताना त्याने आपली घोंगडी तिच्यापुढे टाकली. घोंगडी उडत असे. मांत्रिकाचीच ती, उडायचीच.

तारावळी बसली आणि निघाली. पहिल्यांदा लागला खारा समुद्र, ज्याच्या लाटा वाटसरूला नाव विचारत आणि खोटे सांगितले तर बुडवत. तिने नाव सांगितले. लाटांनी विचारले, "कोणाची कोण?" ती म्हणाली, "दृढसेनाची अक्का." लाटा बाजूला झाल्या. मग लागले एक अरण्य, ज्यातली नदी एवढी रुंद की एका काठावर पाऊस पडे तेव्हा दुसऱ्या काठावर कपडे वाळत. आणि मग लागले डोंगर. काय ते डोंगर! पायथ्याशी उन्हाने फुफाटा, माथ्यावर बर्फ. उंटाची मान आणि मेंढीची लोकर असलेली जनावरे तिथे ओझी वाहत होती, आणि आकाशातून एक गिधाड गेले त्याच्या सावलीत अख्खा कळप मावला.

एका उघड्या, खडकाळ उतरणीवर घोंगडी थांबली. माती म्हणावी तर मुठीतही येत नव्हती. नुसती खडी. त्या खडीत तलवारींच्या जुड्या रोवाव्यात तशी झाडे उभी होती. लांबच लांब पाती, काठांना आकड्यासारखे वळलेले काटे, आणि मधोमध पुरुषभर उंचीचा वाळलेला तुरा. फुलांचा हंगाम सरला होता. तुऱ्यावरच्या बोंडांत बी खुळखुळत होते.

तारावळी हरखून पुढे झाली आणि पातीत अडकली. आत जाताना काट्यांनी वाट दिली, बाहेर येताना दिली नाही. जितके ओढावे तितका पदर घट्ट. तेवढ्यात तुऱ्यावरून कोणीतरी हसले. तिथे एका काडीच्या टोकावर काळेभोर पाखरू बसले होते.

"ओढू नको, याणी," पाखरू म्हणाले. "आधी आत ढकल. मग वय उचल."

त्या काळी पाखरे बोलत. पण हे परदेशचे पाखरू, त्याच्या जिभेला 'र' जमत नव्हता. राणीला याणी म्हणे, राजाला याजा. तारावळीने पदर आत ढकलला, वर उचलला आणि सुटली. हात तेवढे ओरबाडले. तिने सगळी हकिकत सांगितली आणि हात जोडले, "पाखरा, माझ्याबरोबर ये."

"येईन. पण पयत जाईन."

"जाशील तेव्हा जा. अडवणार नाही. शब्द देते."

तीन बोंडे तिने ओच्यात बांधली. हलवताना थोडे बी वाऱ्यावर उडाले आणि घोंगडीच्या लोकरीत जाऊन बसले. प्रत्येक बियाला कांद्याच्या सालीसारखा पातळ पंख होता.

इकडे राज्यात वेगळीच तऱ्हा. राजा गुडघ्यापर्यंत खचला होता, आणि राजापेक्षा उंच कोणी बसायचे नाही हा दरबाराचा नियम. मग करावे काय? प्रधान नयनिधी मोठा शास्त्रार्थी माणूस. त्याने चौकात प्रत्येक मानकऱ्यासाठी एकेक खड्डा खणवला. राजा बोटभर खचला की मानकरी वीतभर खणून घेत. नुसती मुंडकी आणि पागोटी दिसत, आणि राज्यकारभार चाले. खणलेल्या दगडांच्या खडीचा ढीग राजाच्या शेजारीच पडला होता. तारावळी उतरली, तिने आधी त्या ढिगावर घोंगडी झटकली, आणि मग भावाच्या गळ्यात पडून रडली.

तेवढ्यात नयनिधीने पाखरू पकडून सोन्याच्या पिंजऱ्यात घातले. वर मखमलीचे आच्छादन टाकले. मौल्यवान वस्तू झाकून ठेवावी, हे त्याच्या रक्तातच.

"पाखराला मी शब्द दिलाय, प्रधानजी," तारावळी म्हणाली.

"शब्द आपला, जीव महाराजांचा. उडून गेलं तर मध कोण पिणार?"

तारावळीने राजाच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि ती पिंजऱ्यापासून मागे सरली. भीती माणसाकडून काय काय करवते!

नयनिधीने आच्छादनाचा कोपरा उचलला आणि बोंड पुढे धरून एका दमात विचारले, "पाखरा, हे काय आहे? याचं काय करायचं?"

"पुया!" पाखरू ओरडले. "पुया! पुया!" आणि मग प्रधानाकडे पाठ करून बसले. एक शब्द जास्त बोलेना.

खड्ड्याखड्ड्यांतून कुजबुज सुरू झाली. पुया म्हणजे काय? नयनिधी हसला. "अहो, त्याला र येत नाही. राजाला याजा म्हणतं. राणीला याणी म्हणतं. मग पुया म्हणजे?"

"पुरा!" सगळी पागोटी एकदम हलली. "पुरा म्हणतंय! बी पुरा!"

तर्क असा चोख की त्यात बोट शिरायला जागा नव्हती. आणि पुरण्यात तर त्या राज्याचा हात कोणी धरत नव्हते. पहिले बोंड फोडले. खोल खड्डा, त्यात शेणखत, त्यावर दूध, वर काळी माती. शेवटची मूठ पडली, आणि धस्स! राजा कमरेपर्यंत गेला.

"योगायोग," नयनिधी म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. दिवस गेले, कोंब आला नाही. उकरून पाहिले तर बुरशी. पिंजऱ्यात पाखरू कण्हत होते, "पुया... पुया..."

"आणखी खोल पुरा म्हणतंय," मानकरी म्हणाले. दुसरे बोंड मंत्रघोषात आणखी खोल गेले. वर फरशी दाबली. धस्स! राजा छातीपर्यंत गेला, आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा हाय निघाली.

आता सेनापती तलवार उपसून पिंजऱ्याकडे निघाला. "हे पाखरूच अपशकुनी!" नयनिधी तिसऱ्या बोंडासाठी हात पुढे करून उभा. तारावळी ते बोंड मुठीत आवळून मधे उभी राहिली. हे शेवटचे. हे गेले की भाऊ गेला.

"अक्का," राजा म्हणाला. छातीपर्यंत खचलेल्या माणसाचे डोळे जमिनीच्या बरोबरीला येतात. मुंगी जाते तेही त्याला दिसते. "अक्का, गडबड करू नको. त्या खडीत काहीतरी हिरवं आहे."

तारावळी गुडघ्यांवर बसली. खडीच्या ढिगावर, दोन दगडांच्या फटीत, उघड्या उन्हात, भाताच्या कोंबाएवढे हिरवे टोक! शेजारी दुसरे! आणि दुसऱ्याच्या टोकाला अजून बियाचा पातळ पंख चिकटलेला!

"हे कुणी पुरलं?" तिने विचारले.

"कुणीच नाही. तू घोंगडी झटकलीस, तेव्हा पडलं असेल."

तारावळी उठली ती वाऱ्यासारखी. मखमल फाडून फेकली. "पाखरा, तुझ्या देशी या झाडाला काय म्हणतात?"

"पुया!"

"आणि जमिनीत घालून वर माती लोटली, तर त्याला काय म्हणतात?"

"पुयणं," पाखरू म्हणाले आणि थरथरले. "तसं नका कयू. पुया मयतो."

सगळ्या खड्ड्यांतली पागोटी खाली झुकली. धूम्रनाथाची डबी पुरली, पहिले बोंड पुरले, दुसरे पुरले. एकच चूक तीनदा, आणि तिन्ही वेळा मोठ्या काळजीने. तारावळीला हसूही आले आणि रडूही आले. तिने पिंजऱ्याचे दार सताड उघडले.

"ते जाईल!" नयनिधी किंचाळला.

"जाऊ दे. मर्जीनं, असं मांत्रिक म्हणाला होता. पिंजऱ्यात कसली मर्जी?"

पाखरू तिच्या खांद्यावर बसले. "ऊन भयपूय," ते म्हणाले. "पाणी थोडं. पाय कोयडे." आणि उडाले. मावळतीकडे एक काळा ठिपका झाला, आणि मग तोही राहिला नाही.

तारावळीने तिसऱ्या बोंडातले बी खडीत जाड वाळू मिसळून वरच्या वर टाकले. मातीचा कण घातला नाही. नुसत्या तळव्याने दाबले, दर्भाची जुडी पाण्यात बुडवून वरून शिंपडली. काही दिवसांनी खडीवर हिरवी लव आली. आणि राजाचे खचणे तिथेच थांबले. वर येईना, पण खालीही जाईना. तारावळीने त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केले.

पण खरी परीक्षा पुढे होती, कारण आता सगळ्यांना माया फुटली. उन्हात बिचाऱ्याला ताप होईल म्हणून कोणी छत्री आणी. तहान लागली असेल म्हणून कोणी घागर आणी. दूध आणी, ताक आणी, उष्टे खरकटे आणी. राजा जमिनीतूनच गरजे, "मागे व्हा! पाय कोरडे!" झाडाचा असा राखणदार कुठे झाला नसेल. पावसाळ्यात तारावळीने वर गवताचे छप्पर घातले, बाजू मोकळ्या ठेवल्या. धो धो पाणी मुळाशी साचले तर खेळ खलास. थंडीत पाणी जवळजवळ तोडले. पाती वाढली तसे काटे वाढले, तेव्हा चांभाराकडून कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे शिवून घेतले. एकदा सेनापतीचा लाडका बोकड पाती चाखायला गेला आणि अडकला. सेनापती शेपूट धरून ओढू लागला, तेव्हा चौकातली लहान मुले ओरडली, "आधी आत ढकला, मग वर उचला!"

वर्षे गेली. उतावळा राजा झाडाशेजारी राहून राहून झाडासारखाच संथ झाला. तारावळीच्या केसांत रुपेरी रेघ आली. ती रोज मावळतीकडे पाही. पाखरू दिसत नसे.

मग एका वसंतात सगळ्यांत मोठ्या झाडाच्या मधल्या पातीतून एक कोंब निघाला. बोटासारखा, मग मनगटासारखा, मग काय विचारता! राजाच्या डोक्यावरून गेला, तारावळीच्या डोक्यावरून गेला, तुऱ्याला फांद्या फुटल्या, फांद्यांना कळ्या लागल्या. अख्खे नगर लोटले. मानकरी खड्ड्यांत टाचा उंचावून पाहू लागले.

पण प्रत्येक फांदीच्या खालच्या भागालाच कळ्या होत्या. पुढचे टोक नुसती उघडी काडी. ना कळी, ना पान. नयनिधीने शुभमुहूर्त काढला होता, पूजेचे ताट सजले होते, आणि त्याच्या डोळ्यांत ती टोके खुपू लागली.

"वांझ टोकं आहेत ही," तो म्हणाला. "मंगलकार्यात बरी दिसत नाहीत. माळ्याला कोयता आणायला सांगा."

वांझ. तो शब्द चौकात पडला आणि बायकांनी तारावळीकडे पाहून नजरा वळवल्या. माळी कोयता घेऊन पुढे आला. तारावळी झाडाला पाठ लावून उभी राहिली. काटे चोळीतून रुतले, ती हलली नाही.

"एकही टोक कापायचं नाही."

"अक्कासाहेब, ती आहेत तरी कशाला?"

"मला माहीत नाही," तारावळी म्हणाली. तिचा आवाज प्रत्येक खड्ड्यात ऐकू गेला. "पण इतकी वर्षं मी या झाडाजवळ आहे. यानं उगाच काही केलेलं मी पाहिलं नाही. फळ धरत नाही म्हणून कापायला निघालात? तसं असेल तर आधी मला कापा."

राजा खालून म्हणाला, "कोयता ठेव." माळ्याने ठेवला.

ऊन वर आले आणि कळ्या उमलल्या. असा रंग त्या राज्यात कोणी पाहिला नव्हता. मोराच्या मानेचा निळा, त्यात हिरवा, त्यावर धातूची झाक, आणि आत केशरी परागांचे झुबके. प्रत्येक फुलात मध काठोकाठ डबडबलेला. लोकांनी मावळतीकडे पाहिले. आणि आकाश रिकामेच होते.

"येईल का गं, अक्का?" राजाने विचारले.

"परत जाईन म्हणालं होतं. पुन्हा येईन असं नव्हतं म्हणालं." तिने खरे ते सांगितले, आणि डोळे पुसले.

तेव्हा मावळतीकडून एक काळा ठिपका आला. ठिपक्याचे पाखरू झाले! चौकावर त्याने घिरटी घेतली. खाली काटे, फुले नाजूक, टेकायला जागा कुठे? पाखरू एकदा खाली आले आणि वर गेले. पुन्हा आले आणि पुन्हा वर गेले. तारावळीचे हृदय त्याच्याबरोबर खालीवर होत होते. तिसऱ्यांदा ते खाली आले आणि एका उघड्या, बिनफुलाच्या काडीच्या टोकावर अलगद बसले. जणू ती काडी त्याच्याच पायांच्या मापाने घडवली होती. मान वाकवली, फुलात डोके घातले आणि मध प्याले. वर आले तेव्हा काळ्या कपाळावर केशरी टिळा लागला होता.

जमीन हुंकारली. राजा छातीपासून, कमरेपासून, गुडघ्यांपासून वर आला आणि अडखळत उभा राहिला. इतक्या वर्षांनी तो बहिणीपेक्षा उंच झाला होता. त्याने तिला उचलले, गरगर फिरवले, आणि दोघे मोठमोठ्याने हसली, मोठमोठ्याने रडली. मानकरी खड्ड्यांतून चढायला लागले आणि एकमेकांच्या पागोट्यांवर पाय देऊन पडले.

नयनिधी आला, तारावळीपुढे वाकला. "अक्कासाहेब, तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही."

"टोकं राहू द्या, प्रधानजी," ती म्हणाली. "तेवढं पुरे."

पुढे बोंडे वाळली आणि धूम्रनाथ आला. त्याने रिकामी दगडी डबी तारावळीच्या हातात ठेवली. "भरून ठेवशील?" "उजेडात," ती म्हणाली. मांत्रिक हसला, घोंगडी उचलून गेला. राज्यातले हंडे वर आले. कोणी विहीर बांधली, कोणी लेकींना दागिने अंगभर घातले. आणि वाड्यात पुढचे बारसे झाले तेव्हा आमंत्रण सगळ्यांत आधी तारावळीच्या दारी आले. पाळण्याची दोरी तिच्या हाती दिली. तिने बाळाच्या कानात काय नाव सांगितले, ते त्या बाळालाच माहीत.

पाखरू मात्र त्या दिवशी फुलाफुलांतून मध पीतच राहिले. पोट टम्म झाले, तरी बायका कौतुकाने "अजून एक, अजून एक" म्हणत होत्या. शेवटी त्याने चोच काडीवर पुसली आणि ठसक्यात म्हटले, "पुये!"

सगळ्यांनी प्रधानाकडे पाहिले. नयनिधीने तोंड उघडले, मिटले, जरा विचार केला आणि म्हणाला, "पुरे म्हणतंय ते."

या वेळी त्याचे बरोबर होते. पाखरू मावळतीकडे उडाले. आता पाखरूच पुरे म्हणाले, तर आपण कशाला जास्त बोलावे?